मागच्या नारळाची भानगड

बी-२०३ सावंत: सुप्रभात. कालपासून माझ्या गाडीच्या दोन्ही आरशांवर कोणीतरी घाण करतंय, काचेवर ओरखडे आहेत. सीसीटीव्ही बघायची विनंती आहे. मागच्या वेळी कॅमेरा नेमका बंद होता.

बी-४०२ नितीन: आरोपी सापडला साहेब. बाल्कनीतून दिसतोय. काळा-पांढरा, शेपटी वर, आरशावर चोच आपटतोय 😂

ए-३०४ अदिती: तो दयाळ, नर आहे. विणीच्या दिवसांत हद्दीत दुसरा नर खपत नाही त्याला. आरशात स्वतःलाच बघून भांडतोय. गाडी लावली की आरसे मिटा, नाहीतर जुने मोजे चढवा.

बी-२०३ सावंत: माझी जागा, माझी गाडी, आणि मोजे मी घालायचे.

बी-४०२ नितीन: जागा त्याची आहे. अलॉटमेंट लेटर दाखवेल तो.

ए-२०२ देशपांडे: जागेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. २०१९ च्या ड्रॉप्रमाणे ती गाडी १४ नंबरला हवी, १५ ला नाही. मी कोणाचं नाव घेत नाहीये.

बी-२०३ सावंत: नाव सोडून सगळं लिहिलंत मॅडम. आभारी आहे.

ए-१०१ परांजपे काका: गच्चीवरच्या टाकीचे झाकण बसवले का?

सेक्रेटरी पाटील: पार्किंग एजीएमला. इथे नको, ही नम्र विनंती.

बी-००१ म्हात्रे काकू: अदिती तुझा दयाळ राहू दे. मागं कावळ्यांनी काय लावलंय बघ. सासूबाई कपडे वाळत घालायला गेल्या तर डोक्यात टोचा मारून गेला. पितरांचं काहीतरी राहिलंय म्हणतात. सकाळपासून दहीभात ठेव, दहीभात ठेव.

ए-३०४ अदिती: काकू, पितरांचं काही नाही हो. दोरीच्या बरोबर वर आंब्यात त्यांचं घरटं आहे. पिल्लं उडेपर्यंत छत्री घेऊन जा. दहीभात ठेवलात तर आणखी कावळे जमतील.

बी-००१ म्हात्रे काकू: ठेवला मघाशीच. आता काय?

बी-४०२ नितीन: घरट्यातली पिल्लं कावळ्याचीच ना पण? पहाटे चारपासून कोकीळ बोंबलतोय.

ए-३०४ अदिती: सगळी त्याचीच असतील असं नाही. परवा मी पाहिलं, काळा नर समोर येऊन ओरडला, दोन्ही कावळे त्याच्यामागे, आणि तेवढ्यात ठिपक्यांची मादी घरट्यात जाऊन आली.

बी-४०२ नितीन: पोटभाडेकरू! पाटीलसाहेब, पोलीस व्हेरिफिकेशन?

ए-२०२ देशपांडे: आमच्या भाडेकरूंची सगळी कागदपत्रं ऑफिसात दिलेली आहेत. माझ्याकडे पोच आहे.

बी-४०२ नितीन: मॅडम मी कोकिळेबद्दल बोलत होतो 🙏

ए-१०१ परांजपे काका: कावळे उष्टे-खरकटे आणून टाकीत बुडवतात. झाकण बसवले का?

सेक्रेटरी पाटील: सर्वांस सूचना. मागचा वीज पडलेला नारळ मंगळवारी पाडण्यात येईल. बी विंगच्या गाड्या सकाळी आठच्या आत काढाव्यात.

ए-३०४ अदिती: सर थांबा!! त्यात पोपटांची पिल्लं आहेत. वरून दोन हात खाली जे भोक आहे, त्यावरून महिनाभर मारामारी चाललीय. साळुंक्यांना तेच हवंय. जोडी येते, एक भोकाशी लटकते, दुसरी वरून कलकलाट करते. पोपटीण बाहेरच येत नाही, डोकं तेवढं काढते आणि समोर दिसेल त्याला चावते. गेल्या रविवारी दुसरी जोडी आली, मग साळुंक्यांचंच आपसात जुंपलं. पायात पाय अडकवून धपकन खाली पडल्या, काकूंच्या तुळशीपाशी लोळत होत्या. मांजर आलं तरी सुटेनात.

बी-००१ म्हात्रे काकू: खरंय. मी झाडू आपटला तेव्हा सुटल्या.

बी-२०३ सावंत: खोड गाडीवर पडलं तर भरपाई पोपट देणार?

ए-३०४ अदिती: वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, पोपटांना त्यात संरक्षण आहे. आणि १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. वठलेल्या झाडाला ती नाकारत नाहीत, पण अर्ज करावाच लागतो.

सेक्रेटरी पाटील: कायदा मलाही कळतो. अर्ज गेला आहे.

ए-२०२ देशपांडे: पोच ग्रुपवर टाका.

सेक्रेटरी पाटील: ऑफिसात येऊन बघा.

ए-२०२ देशपांडे: ऑफिस कधी उघडं असतं तेही टाका.

बी-४०२ नितीन: लक्ष विचलित करतोय, माफी. तो दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी घारीला पार हायवेपर्यंत पिटाळून आला. कोण हा?

ए-३०४ अदिती: कोतवाल. घरट्याजवळ घार, कावळा, शिक्रा कोणालाच फिरकू देत नाही. म्हणून हळद्या, कवडे मुद्दाम त्याच्या शेजारी घरटी बांधतात.

बी-४०२ नितीन: आणि आपला वॉचमन डिलिव्हरीवाल्याला लिफ्टचं दार धरून ठेवतो.

ए-१०१ परांजपे काका: वॉचमनला सांगा टाकीचे झाकण.

बी-००१ म्हात्रे काकू: पाटीलभाऊ, मी काल खोड ठोकून पाहिलं. बुंधा घट्ट आहे. आमच्या वाडीत असे माड वठून वर्ष-वर्ष उभे असायचे. पिल्लांना पंख फुटलेत, आवाज येतो. पावसाच्या आधी जातील. तेव्हा पाडा की.

सेक्रेटरी पाटील: ठीक. मे अखेरीस पाडू. तोवर सावंतांनी गाडी नारळाखाली लावू नये.

बी-२०३ सावंत: मग कुठे लावू?

ए-२०२ देशपांडे: १४ 👍

(संध्याकाळी)

ए-३०४ अदिती: आनंदाची बातमी! साळुंक्यांनी नाद सोडला. दुपारपासून नारळाकडे फिरकल्याही नाहीत. पोपटीण बिनधास्त बाहेर जाऊन आली.

बी-४०२ नितीन: अदिती, समोरून दिसतंय म्हणून सांगतो. त्या तुझ्या बेडरूमच्या एसीच्या पाइपाच्या भोकात गवत आणि प्लॅस्टिकच्या चिंध्या भरतायत.

ए-३०४ अदिती: काय?? कोणाकडे भोक बुजवणाऱ्याचा नंबर आहे का? आजच हवाय.

बी-२०३ सावंत: विणीचे दिवस आहेत मॅडम.