मुरुड ते गणपतीपुळे : सोळा सायकली, मुक्काम कुठे करावा?

रविवारची_राइड
नमस्कार मंडळी. सिंहगड रस्त्यावर आमचा छोटा सायकल क्लब आहे. दर रविवारी पहाटे खडकवासला, महिन्या-दोन महिन्यांतून पानशेत, एवढीच आजवरची मजल. डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच मुक्कामी राइड ठरली आहे. मुरुड-जंजिऱ्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळे. सोळा जण आहोत, त्यात पाच बायका. सगळ्यात लहान १९ वर्षांचा, सगळ्यात मोठे आमचे काका, ६४ वर्षांचे. काकांची बायपास होऊन पाच वर्षं झाली. डॉक्टरांची परवानगी आहे आणि या राइडसाठी त्यांनी वर्षभर सराव केलाय. भर जूनमध्ये रेनकोट घालून डोणज्यापर्यंत यायचे.

बुकिंग माझ्याकडे आहे. पोरांचं म्हणणं, नकाशावर अंतर अडीचशेच्या आतबाहेर आहे, रोज ऐंशी-नव्वद काढले की तीन दिवसांत संपेल. मला चार दिवस हवेत, पण 'काकांसाठी' असं म्हटलं की काकाच आधी नको म्हणतात.

दुसरं राहण्याचं. दोघांत एक खोली धरली तर कॉलेजच्या मुलांना परवडत नाही, म्हणून हॉल, डॉर्मिटरी, भक्तनिवास असं शोधतेय. बायकांना एक वेगळी खोली हवी. आणि सायकली आत ठेवता यायला हव्यात. मागे एका ग्रुपबरोबर गेले होते, तिथे मालकाने सायकली कुंपणाशी लावायला सांगितल्या. सकाळी दोघांचे लाइट आणि एकाची सीट गायब. त्या मुलाने उरलेले चाळीस किलोमीटर उभ्याने पेडल मारलं. ते बघवत नव्हतं. कोणी स्वतः मुक्काम केला असेल तर सविस्तर सांगा.

खाडीपलीकडे
चार दिवसच करा, आणि काकांचं नाव मधे आणायची गरजच नाही. या रस्त्यावर किलोमीटर मोजायचे नसतात, खाड्या मोजायच्या. तुमच्या वाटेत चार मोठ्या आहेत: राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड. प्रत्येक वेळी सड्यावरून, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावरून, थेट पाण्यापर्यंत उतरायचं, फेरीबोटीने पलीकडे जायचं, आणि धक्क्यावर पाय टेकताच पुन्हा चढ. चढ लहान असतात, पण एक संपला की दुसरा तयार. ताम्हिणी घाट एकदा पार केला की झाला. इथे तसं नाही, दुपारी दोनच्या उन्हात जांभ्याचा सडा तापलेला असताना चौथा-पाचवा चढ येतो आणि तिथे चांगली तयारीची माणसं सायकल हातात धरून चालताना मी पाहिली आहेत.

आम्ही अकरा जण एकदा असाच नव्वदचा हिशोब करून निघालो. दिवेआगरला जेवलो, आरावीच्या किनाऱ्यावर फोटो काढत बसलो आणि बागमांडल्याला पोचलो तेव्हा शेवटची बोट गेली होती. समोर वेसवीचे दिवे दिसत होते, मधे फक्त सावित्रीचं पात्र. रस्त्याने जायचं तर म्हसळा, आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड असा सगळा वळसा. अंधारात मुकाट्याने हरिहरेश्वरला परत फिरलो आणि देवळाजवळ एका हॉलमध्ये चटया मिळाल्या. जेवण मिळालं नाही. तेव्हापासून माझा नियम आहे, मुक्काम खाडीच्या अलीकडे आणि सकाळी ताज्या पायांनी बोट.

म्हणून पहिला मुक्काम हरिहरेश्वर. दुसऱ्या दिवशी वेसवी, केळशी. उटंबरला दम काढणारा चढ आहे, पण नंतर आडे-पाडल्याला रस्ता समुद्राला खेटून जातो, त्यासाठी वेळ राखून ठेवा. आंजर्ल्याच्या खाडीवर आता पूल आहे. संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव बघून त्या पट्ट्यातच राहा. तिसरा दिवस लाडघर, बुरोंडी, दाभोळ, पलीकडे धोपावे आणि गुहागर. हा मुद्दाम छोटा ठेवा, चौथ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, जयगड असे दमवणारे चढ-उतार आहेत. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक वाटेवरच आहे, तिथे थांबा. पुळ्याला देवस्थानचं भक्तनिवास आहे, तिथे आधी फोन करून जागा धरा.

एक महत्त्वाचं. दुसरा मुक्काम मुरुडला धरलात तर दापोली तालुक्यातलं मुरुड म्हणून स्पष्ट सांगा. जंजिऱ्याचं मुरुड वेगळं. बुकिंगमध्ये हा घोळ झालेला मी पाहिलाय.

मधल्या मुक्कामांना हॉल शोधण्यापेक्षा घरगुती सोय बघा. माणशी पैसे घेतात, गाद्या घालून देतात आणि जुन्या घराला पडवी असते. सायकलींना पडवीसारखी जागा नाही.

तिसरा_गिअर
वरच्याशी सहमत. निघण्यापूर्वी ब्रेक पॅड नवे घाला, जेट्टीकडचे उतार तीव्र आहेत आणि लाल माती पॅड खाते. बोटीवर चढायची लोखंडी फळी ओली असते, क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट असतील तर सगळ्यांनी जपून, सायकल हातात धरूनच चढायचं. रोज रात्री चेन कोरड्या फडक्याने पुसून तेल लावा, खारी हवा दोन दिवसांत गंज चढवते.

माडाखाली
ताई, आमची आंजर्ल्याकडे घरगुती राहण्याची सोय आहे. सायकलवाले येतात, म्हणून चार गोष्टी सांगते. कुठेही गेलात तरी उपयोगी पडतील.

किती माणसं शाकाहारी, किती मासे खाणारी, हे आदल्या दिवशी कळवा. उकडीचे मोदक हवे असतील तर तेही आदल्या दिवशीच, सोळा माणसांचे म्हणजे नारळ खवायलाच दोघीजणी लागतात. आंघोळीला तांब्याचा बंब आहे. एका दमात चार माणसांचं पाणी होतं, मग पुन्हा भरून तापवायचा. काकांना पहिल्या चारांत बसवा, घामाने भिजून वाऱ्यात थांबायला नको. हॉलमध्ये प्लग तीनच आहेत, फोन आणि लाइट सोळा जणांचे, तेव्हा एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन या. चेनचं तेल लाद्यांवर सांडलं की निघत नाही, मी गोणपाट काढून ठेवते, त्यावर सायकली साफ करायच्या. आणि नाताळाचा आठवडा टाळा, तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसते.

रविवारची_राइड
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! काल रात्री क्लबच्या ग्रुपवर चार खाड्यांचा नकाशा टाकला, बोटीच्या जागा खुणा करून. पोरांनीच सांगितलं, चार दिवस करू. काकांनी काही न बोलता अंगठा पाठवला. तारीख नाताळाच्या दोन आठवडे आधीची धरतोय.

माडाखाली, दुसऱ्या रात्री तुमच्याकडेच येऊ. बारा मासे खाणारे, चार शाकाहारी, मोदक सगळ्यांना. फक्त एवढं सांगा, पडवीत सोळा सायकली मावतील का? आणि रात्री बंद करता येते का?

माडाखाली
आत्ता मुलाची सायकल लावून मोजलं. एकीचं तोंड भिंतीकडे, दुसरीचं अंगणाकडे अशा लावल्या तर अठरा बसतात. झोपाळा तेवढा वर बांधून ठेवावा लागेल. पडवीला लाकडी गज आहेत, दाराला कडी आहे, कुलूप मी घालीन. किल्ली तुमच्या उशाशी ठेवा.