वऱ्हाडी फिल्म परदेशी महोत्सवांत पाठवायची आहे, आधी काय करावं?

वेचणी_यवतमाळ: राळेगावकडं शूट केलेली ९२ मिनिटांची फिल्म, रफ कट (कच्चं संकलन) तयार. कलाकार गावातलेच. दोन भजनं आहेत, एक तुकडोजी महाराजांचं. आधी गावात पडदा लावून दाखवू का? निर्माता म्हणून पुढंही अशाच, विचार करायला लावणाऱ्या फिल्म करायच्या आहेत.

धुरेकरी: जाहीर खेळ नका लावू जी, यूट्यूबवर तर मुळीच टाकू नका. मोठ्या महोत्सवांना पहिला खेळ त्यांच्याकडंच लागतो. ‘स्थळ’ या मराठी फिल्मचं पाहा, चंद्रपूर जिल्ह्यात शूट, २०२३ मध्ये टोरांटो महोत्सवात पहिला खेळ आणि नेटपॅक (आशियाई फिल्मसाठीचा) पुरस्कार, आपल्याकडच्या थेटरात २०२५ मध्ये.

त्याआधी कागद. फिल्म अडते ती इथंच. लेखकाशी करार तोंडी झाला असेल तर त्याच्या लिखाणाचा हक्क तुमचा नाहीच, करार लेखी आणि सहीचा पाहिजे. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ नीट वाचा: करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे जर्मनीतला वितरक कागद मागेल तेव्हा तुमच्या हाती काहीच नाही. ‘संपूर्ण जग, कॉपीराइटची पूर्ण मुदत’ हे शब्द घालाच. गावकऱ्यांची संमतीपत्रं मराठीत करा, वाचून दाखवून सही किंवा अंगठा घ्या, सोबत इंग्रजी भाषांतर लावा.

भजनाचं: महाराज १९६८ साली गेले. लेखकाचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०२८ अखेरपर्यंत. परवानगी लेखी घ्या. दुसरं भजन जुनं संतवाङ्मय असेल तर शब्द मोकळे, पण कॅसेटवरून उचललं असेल तर त्या रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा. गावच्या भजनी मंडळाकडून गाऊन घ्या आणि गाणाऱ्यांच्या सह्या घ्या, सुटका.

साउंडवाला_वर्धा: सेकंदाला २५ फ्रेमवर शूट आहे का? डीसीपी (थेटरात दाखवायची डिजिटल प्रत) २४ ची करतात, मग फिल्म ४ टक्के लांबते, ९२ ची जवळपास ९६ मिनिटं. आवाजही जड होतो, पिच (आवाजाची पट्टी) दुरुस्त करून घ्या. संवादाशिवायचा साउंड ट्रॅक आत्ताच वेगळा काढून ठेवा, परदेशी टीव्हीवाले डबिंगसाठी मागतात.

सबटायटल_बाई: सबटायटल चित्रावर छापू नका, वेगळी फाइल ठेवा. दोन ओळी, ओळीत ४२ अक्षरांच्या आत. आणि ‘सालगडी’ला ‘सर्व्हंट’ लिहू नका बापा! वर्षाचा करार, उचल, गुढीपाडव्याचा बदल, सगळं त्या एका शब्दात बुडतं.

धुरेकरी: हो, आणि रफ कट आहेच तर गोव्याच्या फिल्म बाजारात (निर्माते, वितरक, महोत्सववाले भेटतात तो मेळा) वर्क-इन-प्रोग्रेस लॅबला, म्हणजे अपुऱ्या फिल्मवर जाणकारांचा सल्ला मिळतो तिथं, अर्ज टाका. नोव्हेंबरात असतो, अर्जाची तारीख त्याच्या बरीच आधी संपते.