पाण्याखालच्या 450 मिमी एचडीपीई (प्लॅस्टिक) लाइनला चीर, क्रेन पोचत नाही. क्लॅम्प आवळावा की तुकडा बदलावा?

वैनगंगाकाठ:
कुही तालुक्यात गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमधून गेलेली उपसा सिंचनाची लाइन आहे. पीई 100 (एचडीपीईचा दर्जा), 450 मिमी, पीएन 10 (10 बार दाबाचा). काठापासून 70 मीटर आत, 4 मीटर खोलीवर पाइप बुडालेल्या झाडाच्या बुंध्यावर टेकलाय आणि तिथंच लांबीत 20 सेंमीची चीर आहे. वर जलकुंभी, खाली गुडघाभर गाळ, काठाला काळी माती. ट्रॅक्टरही फसतो, क्रेन विसराच. गावातले ढिवर (मासेमार) भाऊ डुबकी मारायला तयार आहेत. क्लॅम्पने, म्हणजे चिरेवर पट्टा आवळून, भागेल का?

हीटरप्लेट:
पाइप अखंड आहे, नुसती चीर आहे, तर भागेल. पाण्याखाली वेल्डिंगचा विचारही करू नका. बट (टोकं तापवून एकमेकांवर दाबणं) असो की इलेक्ट्रोफ्यूजन (आत तार असलेली बाही विजेने तापवून जोडणं), जोडात ओल गेली की तो जोड गेलाच.

चिरेच्या दोन्ही टोकांना 10-12 मिमीचं भोक पाडा, नाहीतर ती क्लॅम्पखालून पुढे सरकते. ड्रिल हवेवर चालणारं घ्या, विजेचं पाण्यात नेऊ नका. क्लॅम्प स्टेनलेसचा, आतून पूर्ण रबर, चिरेच्या दोन्ही बाजूंना किमान 15 सेंमी जास्त, म्हणजे रुंदी 50-60 सेंमी. शेवाळ आणि शिंपले खरवडून काढा. स्टेनलेसचे नट पाण्याखाली आवळताना जाम होतात, वरच ग्रीस पेस्ट लावून न्या. एका बाजूने आवळत जाऊ नका, आलटून पालटून आवळा.

वैनगंगाकाठ:
टेप लावला. परीघ 1414 बरोबर येतो, पण आडवा व्यास 458, उभा 442. बसेल?

हीटरप्लेट:
बुंध्याने चेपलाय. आधी बुंध्यावरून उचला, मग मापा. बराचसा गोल होतो, उरलेलं रॅचेट पट्ट्याने ओढून घ्या.

गाळातला:
इथं माझं थोडं वेगळं मत. बुंधा तसाच राहिला तर क्लॅम्पशेजारी नवी चीर पडणार. आणि क्लॅम्प लांबीतली ओढ घेत नाही. पाइप पुढे-मागे सरकत असेल तर तो नुसता रबराचा पट्टा. सध्या क्लॅम्प मारा, पाणी उतरलं की तुकडा बदला.

उचलणं वाटतं तेवढं जड नाही. पाण्याने भरलेला हा पाइप पाण्यात जवळपास तरंगताच असतो, मीटरला दीड किलो वरच ढकलतो. वजन काय ते लाइन खाली राहावी म्हणून बांधलेल्या काँक्रीटच्या ब्लॉकचं. 250 किलोचा ब्लॉक पाण्यात 145 किलो भरतो, आणि 200 लिटरचा एक ड्रम हवा भरली की 180 किलो उचलतो. लाइनमध्ये मात्र हवा भरू नका: रिकामा पाइप मीटरला सव्वाशे किलोने वर येतो, एकदम उसळतो आणि मोडतो.

तुकडा बदलताना पाण्याखालीच कापा, दोन्ही टोकं वर तराफ्यावर आणा आणि तिथं बट वेल्डिंग करा. वाकण व्यासाच्या 50 पट, म्हणजे साडेबावीस मीटर त्रिज्येपेक्षा कमी नको. 4 मीटर वर यायला प्रत्येक बाजूला 19-20 मीटर लाइन मोकळी हवी, तेवढ्यातले ब्लॉक सोडा. या वळणात प्रत्येक बाजूची अर्धा मीटरहून जास्त लांबी जाते, म्हणून कापलेल्यापेक्षा सव्वा मीटर लांब तुकडा आणा. खाली बसल्यावर लाइन थोडी नागमोडी होईल, होऊ द्या.

तराफा 16 ड्रमचा. वेल्डिंग मशीन, जनरेटर आणि चार माणसं त्यावर मावतात. पाइपची टोकं बंद ठेवा, आतून वारा वाहिला की जोड थंड पडतो. भिंत 26.7 मिमी: हीटर 210-220 अंश, वितळलेली कडा उठल्यावर साडेचार मिनिटं तापवणं, मग दाबाखाली 35 मिनिटं. पाणी ओतून थंड करायचं नाही.

पाणबुड्या:
ढिवर भाऊंना डुबकी मारायला सांगण्याआधी हे वाचा. लाइन रिकामी असेल आणि बाहेर तलावाचं पाणी, तर चीर ओढते. 20 सेंमी व्यासाचं भोक आणि 3 मीटर पाण्याचा फरक धरा, हातावर 94 किलोचा जोर. हात सुटत नाही. पंप बंद, फ्यूज काढून पंपाच्या खोलीला कुलूप, चावी काठावरच्या माणसाकडे. आत-बाहेर पाणी एक पातळीवर येऊ द्या, मगच कुणी खाली. आणि हे पाणी नाग नदीचं, नागपूरचा मैला इथंच येतो. जखम असलेल्याला उतरवू नका. गाळात दिसत नाही, काठापासून कामापर्यंत दोरी बांधा आणि वर एक जण नुसता दोरी धरायला.

वैनगंगाकाठ:
मे महिन्यात पाणी उतरेल, तेव्हा तुकडा बदलू. एकदम कापून आणावा का?

हीटरप्लेट:
भर उन्हात मापून कापू नका. काळा पाइप 60 अंशांवर जातो, पाणी 30. 6 मीटरचा तुकडा पाण्यात गेला की साडेतीन सेंमी आखडतो. सकाळी सहाला, पाण्यात ठेवून मापा. क्लॅम्पचे नट दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा, एचडीपीई दाबाखाली दबत राहतं. तोवर पंप सुरू करू नका.