रोजचं डार्क चॉकलेट आणि पेपरमिंट: कोणतं, किती, कधी?

धरमपेठ_गृहिणी

जेवणानंतर पेपरमिंटवालं डार्क चॉकलेट खाल्लं की पचन सुधारतं, रक्त वाढतं आणि चेहरा उजळतो, असा मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरून राहिला आहे. यात खरं काय आणि किती, ते जाणकारांकडून नीट समजून घ्यायचं आहे. घरच्या गरजा अशा: सासूबाईंचं हिमोग्लोबिन कमी आहे आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत. यजमानांना सावजी जेवण झालं की रात्री छातीत जळजळ होते. मुलीला हिवाळ्यात फुटणाऱ्या ओठांसाठी घरीच लिप बाम करायचा आहे.

कोणतं चॉकलेट घ्यायचं, रोज किती, पेपरमिंट म्हणजे आपला बाजारातला पुदिनाच का, आणि नागपूरच्या मे महिन्यात हे सगळं टिकवायचं कसं? प्रमाणासकट सांगा.

---

कोको_आणि_कढई

ताई, आधी चॉकलेटचं बघू. फायद्याचा भाग म्हणजे कोकोतले फ्लॅव्हनॉल, म्हणजे वनस्पतीतली एक प्रकारची संयुगं. हे रक्तवाहिन्या लवचिक ठेवायला मदत करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये हा दावा मान्य केला, पण रोज २०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल पोटात जात असतील तरच. भरपूर फ्लॅव्हनॉल राखलेली कोको पावडर असेल तर त्यासाठी अडीच ग्रॅम पुरते, आणि तसंच डार्क चॉकलेट असेल तर १० ग्रॅम. बाजारातल्या साध्या वडीत एवढं असेलच याची खात्री नसते, कारण बी आंबवताना, भाजताना आणि मुख्य म्हणजे अल्कलीने प्रक्रिया करताना फ्लॅव्हनॉल उडतात. अल्कलीमुळे कोको गडद काळपट होतो, कडूपणा कमी होतो, दुधात छान मिसळतो. नुकसान फक्त आपल्याला हव्या असलेल्या भागाचं होतं, आणि ते मोठं असतं.

म्हणून पाकिटाची मागची बाजू वाचा. घटकांत ५०० किंवा ५०१ क्रमांकाचा ॲसिडिटी रेग्युलेटर दिसला तर कोको बहुधा अल्कली दिलेला आहे. 'व्हेजिटेबल फॅट' किंवा 'हायड्रोजनेटेड' असं लिहिलेलं दिसलं तर ते कंपाउंड, म्हणजे दुसऱ्या तेलावर बनवलेलं स्वस्तातलं चॉकलेट. केकच्या सामानाच्या दुकानात 'डार्क' नावाने मिळणारी मोठी स्लॅब पुष्कळदा हीच असते. तिच्यात कोको बटरऐवजी (कोकोच्या बीतली चरबी) पाम कर्नलचं तेल असतं. केक सजवायला ती ठीक आहे, तब्येतीसाठी घेऊ नका. घटकांत पहिलं नाव कोको मासचं (वाटलेल्या कोको बियांचा गर) हवं, साखरेचं नको, आणि कोको ७० टक्के किंवा जास्त.

पावडर घरी तपासता येते. वाटीत एक चमचा कोको, पाव चमचा खायचा सोडा आणि दोन चमचे कोमट पाणी घाला. नैसर्गिक कोको आम्लधर्मी असतो, म्हणून फसफसून वर येतो. अल्कली दिलेला जवळपास गप्प राहतो. नैसर्गिक कोकोचा रंगही फिका, तांबूस तपकिरी असतो.

माझ्या मते वडीपेक्षा पावडर बरी, कारण साखर आपल्या हातात राहते. दोन सपाट चमचे म्हणजे साधारण पाच ग्रॅम. दुधात थेट टाकली तर गाठी होतात, कारण पावडरीत चरबी असते आणि ती पटकन भिजत नाही. आधी दोन मोठे चमचे गरम पाण्यात घोटून पेस्ट करा आणि मग २०० मिलि दूध ओता. वडीच हवी असेल तर रोज १० ग्रॅम, म्हणजे सुमारे ६० कॅलरी. अख्खी १०० ग्रॅमची वडी ६०० कॅलरीपर्यंत जाते.

२०२२ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. एकवीस हजारांहून जास्त लोक, रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल, आणि तेही कॅप्सूलमधून. हृदयविकाराच्या एकूण घटना ठामपणे कमी झाल्या असं त्यात दिसलं नाही. त्यामुळे बीपीच्या गोळीऐवजी चॉकलेट, असं कोणीही करू नये.

---

आहार_विदर्भ

सासूबाईंच्या लोहाबद्दल स्पष्ट सांगतो: हा मेसेज उलटा परिणाम करू शकतो.

१० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं हे खरं. पण कोकोतले पॉलिफेनॉल लोहाला धरून ठेवतात आणि आतड्यात ते शोषलं जात नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ब्रेडच्या जेवणासोबत वेगवेगळी पेयं दिली होती. कोकोने लोहाचं शोषण ७१ टक्क्यांनी घटलं आणि पेपरमिंटच्या चहाने ८४ टक्क्यांनी. म्हणजे हे पेय काळ्या चहाच्याच रांगेत बसतं. 'हर्बल आहे, चहा नाही' म्हणून लोहाच्या गोळीसोबत पेपरमिंटचा चहा देणारी घरं बरीच आहेत. गोळी वाया जाते आणि सहा आठवड्यांनी रिपोर्ट पाहून सगळे म्हणतात, गोळ्या काहून लागू नाही पडल्या?

करायचं असं: गोळी आणि कोको, चहा किंवा पेपरमिंट यांच्यात दोन तास ठेवा. जेवणाला मात्र आंबट फळाची जोड द्या, कारण क जीवनसत्त्व वरण-भाजीतलं लोह शोषून घ्यायला मदत करतं. हंगामात आपलं संत्रं जेवणासोबतच खायला द्या, दोन तासांनी नको. हंगाम नसेल तर वरणावर लिंबू पिळा. कोको दुपारी चारला, दोन्ही जेवणांपासून लांब.

आता जळजळ. अन्ननलिका आणि जठराच्या मध्ये स्नायूची एक कडी असते, ती आम्ल वर येऊ देत नाही. पेपरमिंट ही कडी सैल करतं. चॉकलेटमधली चरबी, थिओब्रोमिन (कोकोतलं कॅफिनसारखं द्रव्य) आणि कॅफिनही तेच करतात. सावजीच्या तर्रीने जठर आधीच भरलेलं असताना वरून पेपरमिंट-चॉकलेट खाऊन आडवं व्हायचं, हे आम्लपित्ताच्या माणसासाठी सगळ्यात वाईट. ढेकर येते म्हणून पचल्यासारखं वाटतं, पण ढेकर येते ती कडी सैल झाली म्हणूनच. जेवण आणि झोप यांच्यात तीन तास ठेवा, पेपरमिंट बंद करा, चॉकलेट खायचंच तर दुपारी. तोंडाची आग शमवायला दूध किंवा ताक घ्या. त्यातलं केसीन हे प्रथिन तिखटातल्या कॅप्सेसिनला जिभेवरून सोडवून नेतं. पाण्याने ते फक्त पसरतं.

आठवड्यात दोनदा-तीनदा जळजळ होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, घरगुती उपायांवर महिने काढू नका.

---

कुंडीतला_पुदिना

आपला बाजारातला पुदिना म्हणजे पेपरमिंट नव्हे. भाजीवाल्याकडची जुडी बहुतेक वेळा स्पिअरमिंटच्या घराण्यातली. तिचा वास कार्व्होन नावाच्या घटकाचा, गारवा देणारं मेंथॉल अगदी थोडं. पेपरमिंट हा स्पिअरमिंट आणि पाणपुदिन्याचा संकर आहे, आणि त्याच्या तेलात मेंथॉल साधारण ३५ ते ५० टक्के भरतं. ओळखायचं पानाच्या बुडाशी बघून. पेपरमिंटच्या पानाला छोटासा पण स्पष्ट देठ असतो आणि दांडी जांभळट असते. स्पिअरमिंटचं पान दांडीला जवळपास चिकटूनच येतं. पान चोळून जिभेवर ठेवलं आणि श्वास आत घेतला की पेपरमिंटचा गारवा घशापर्यंत जातो, साध्या पुदिन्याचा तोंडातच राहतो.

हा संकर वांझ असल्यामुळे त्याला कामाचं बी धरत नाही. 'पेपरमिंटचं बी' म्हणून पाकीट घेतलं तर उगवेल तो दुसराच पुदिना. दहा सेंटिमीटरची काडी घ्या, खालची पानं काढा, दोन पेरं पाण्यात बुडवा. आठ-दहा दिवसांत मुळं येतात. कुंडी खोल नको, रुंद हवी. मार्च ते जून हिरव्या जाळीखाली ठेवा. आपल्याकडे दुपारचं थेट ऊन लागलं की पानं कडेने करपतात.

चहासाठी ८-१० पानं हातानेच चुरडून २०० मिलि गरम पाण्यात टाका आणि वर झाकण ठेवा, पाच ते सात मिनिटं. झाकण विसरलात तर मेंथॉल वाफेबरोबर उडून जातं आणि खाली नुसतं हिरवं पाणी उरतं.

तेल मात्र वेगळी गोष्ट आहे. पोटात कळ, गॅस, कधी जुलाब तर कधी मलावरोध अशा आतड्याच्या जुन्या तक्रारीवर डॉक्टर पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल देतात. साधारण ०.२ मिलिची एक, जेवणाआधी अर्धा ते एक तास. तिच्यावरचं आवरण जठरात न विरघळता आतड्यात विरघळावं असं केलेलं असतं. चावली किंवा अँटासिडसोबत घेतली तर ती वरच फुटते आणि छाती जळते. बाटलीतलं तेल पाण्यात टाकून पिणं हा पर्याय नाही. तेल पाण्यावर तरंगतं आणि तोंड, घसा पोळतो. नागपूरच्या इतवारी बाजारात पुदिन्याचं फूल म्हणून मिळणारे पांढरे खडे तर जवळपास शुद्ध मेंथॉल. ते चेहऱ्याला किंवा डोळ्यांजवळ लावूच नका.

दोन वर्षांखालच्या मुलांच्या नाकाला, चेहऱ्याला किंवा छातीला मेंथॉल अजिबात लावायचं नाही. श्वास अडकू शकतो.

आणि उन्हाळ्याचं. मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहकाला (रिसेप्टर, म्हणजे जाणीव टिपणारा रेणू) चेतवतं. तो साधारण २५ अंशांखाली जागा होतो, मेंथॉल त्याला उकाड्यातही जागं करतं. अशा ग्राहकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पण अंगाचं तापमान त्याने उतरत नाही. उलट त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसून आतली उष्णता बाहेर पडायला अडथळा येऊ शकतो. थंड पावडर लावून मे महिन्याच्या दुपारी बाहेर पडणाऱ्याला ऊन लागल्याचं उशिरा कळतं. उन्हात उपयोगी पडतं ते पाणी-मीठ-साखर: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. त्यात पुदिना चवीला चालेल.

---

धरमपेठ_गृहिणी

फार उपयोगी. गोळीनंतर लगेच पेपरमिंटचा चहाच दिला जात होता, तो आजपासून संध्याकाळी. आता लिप बामचं प्रमाण आणि चॉकलेट साठवण्याचं कोणी सांगेल का? चेहऱ्याला कोको लावण्यात अर्थ आहे का?

---

साबण_मेण_लोणी

३० ग्रॅमचं प्रमाण: मधमाशीचं मेण ६ ग्रॅम, कोको बटर ९ ग्रॅम, बदाम किंवा तिळाचं तेल १५ ग्रॅम, पेपरमिंट तेल २ थेंब. पाच ग्रॅमच्या सहा डब्या होतात. हे हिवाळ्याचं झालं. मे महिन्यासाठी मेण ८ आणि तेल १३ करा, नाहीतर पर्समध्ये पातळ होईल.

गरम पाण्यावरच्या भांड्यात आधी मेण वितळवा, ते ६२-६४ अंशांना सुटतं. मग कोको बटर आणि तेल घाला. सगळं ७० अंशांवर दहा मिनिटं ठेवा. पेपरमिंट शेवटी, भांड्याच्या कडेला पातळ साय धरायला लागली की. आधी घातलं तर ते उडून जातं. डब्यांत ओतून पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. हळू गार होऊ दिलं तर कोको बटरमधल्या चरबी वेगवेगळ्या तापमानाला गोठतात आणि ओठावर रवाळ लागतं. रवा आलाच तर पुन्हा पूर्ण वितळवून पटकन गार करा. पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका, बुरशी धरते. मध घालू नका, तो तेलात मिसळत नाही, तळाशी बसतो.

ओठ फुटून रक्त येत असेल तर पेपरमिंटशिवायच करा. ती झिणझिण म्हणजे गुण येतोय असं नाही, ती जळजळ आहे. गोड-गार वासाने मुलं ओठ चाटतात आणि ते आणखी कोरडे पडतात. बाम लावूनही ओठांच्या कडेला लाली राहिली तर टूथपेस्ट बदलून बघा. तिच्यातल्या पुदिन्याच्या अर्काची ॲलर्जी हे कारण असू शकतं.

अंगाला किंवा डोक्याला लावायचं तर एक चमचा तेलात पेपरमिंटचा एक थेंब, म्हणजे सुमारे एक टक्का. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. केस वाढतात हा दावा मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगावर उभा आहे, त्याच्या भरवशावर महागडी बाटली नको.

कोकोचा लेप: दोन चमचे कोको, एक मोठा चमचा दही, एक चमचा मध, दहा मिनिटं. त्वचा मऊ लागते, पण त्याचं श्रेय दह्यातल्या लॅक्टिक आम्लाला आणि मधाला. गोरेपणा येत नाही. त्यात लिंबू, सोडा किंवा पेपरमिंट तेल घालू नका.

---

कोको_आणि_कढई

साठवणुकीचं राहिलं होतं. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे एप्रिलपासून आपल्या घरातलं कपाट बाद. कुलरच्या खोलीत ठेवलं तर गारवा मिळतो पण दमटपणा वाढतो, आणि चॉकलेटवरची साखर ओल शोषते. वडी फॉइलमध्ये गुंडाळा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात, मग फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. खायच्या आधी डबा बंदच ठेवून अर्धा तास बाहेर ठेवा. लगेच उघडलात तर हवेतली वाफ थंड वडीवर जमते, वाळते, आणि खरखरीत पांढरा थर उरतो.

पांढरेपणा दोन प्रकारचा. बोट फिरवल्यावर उष्णतेने पुसला गेला तर तो चरबीचा, म्हणजे वडी कधीतरी वितळून पुन्हा गोठली आहे. खरखरीत राहिला तर साखरेचा. दोन्ही खायला चालतात, बुरशी नव्हे.

घरी पेपरमिंट-चॉकलेट करायचं तर २०० ग्रॅम चॉकलेटला खाण्यायोग्य पेपरमिंट तेलाचे दोन-तीन थेंब. पाण्यातला इसेन्स घातला की चॉकलेट क्षणात घट्ट गोळा होतं. तसं झालं तर फेकू नका, एकेक चमचा गरम दूध घालत घोटा, सॉस होईल. दोन तृतीयांश चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवा, उरलेलं बारीक चिरून त्यात ढवळत २८ अंशांपर्यंत उतरवा, परत ३१-३२ वर आणा, तेल घाला आणि ओता. खोली २०-२२ अंश हवी, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत किंवा एसीत करा.

एक राहिलं: कोकोत ऑक्झलेट (ज्यापासून मुतखडा होऊ शकतो असा घटक) भरपूर असतं. घरात कोणाला मुतखडा होऊन गेला असेल तर रोजचा कोको डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. थोडासाच घेत असतील तर दुधासोबत घ्या, दुधातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधतं. आणि घरात कुत्रा असेल तर वडी त्याच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा, थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी आहे.