मेसेलच्या खाणीत कोणी उतरलंय का? मदत हवी आहे

मंडळी, जर्मनीत मोजून एक दिवस मोकळा मिळतोय आणि मला तिथली जीवाश्मांसाठी प्रसिद्ध मेसेलची खाण बघायचीच आहे. १९७१पर्यंत तिथे तेलयुक्त शेल (पातळ थरांचा मातकट खडक) खणायचे, पुढे खड्ड्यात कचरा टाकायचं घाटत होतं. लोकांच्या विरोधामुळे तो बेत बारगळला, म्हणून बरं! १९९५मध्ये जागतिक वारसा यादीत नाव लागलं. सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीची घोडी, पोटातल्या पिल्लासकट दगडात जपलेली. भुंग्यांच्या पाठीवरची झळाळीसुद्धा टिकलेली. ओला शेल सुकला की तडकतो, म्हणून जीवाश्म राळेवर उतरवून घेतात. ते काम प्रत्यक्ष बघायला मिळतं का?

खाली गाइडसोबतच जाता येतं. बरोबर आई आहे, तिचे गुडघे दुखतात. उतार झेपेल का? की तिच्यासाठी फ्रँकफर्टचं झेंकेनबर्ग संग्रहालयच बरं?