अटॅकिंग खेळासाठी प्लाय आणि रबर: विस्कारिया घेऊ का?

लूपवेडा
नमस्कार मंडळी. डोंबिवलीत एका क्लबात संध्याकाळी टेबल टेनिस खेळतो. कॉलेजात खेळायचो, मधे बरीच वर्षं बंद होतं, आता पुन्हा सुरू केलंय आणि कोचिंगही लावलंय. शेकहँड ग्रिप, उजवा हात. खेळ सरळसरळ अटॅकिंग: टेबलापासून थोडं मागे राहून फोरहँड टॉपस्पिन (बॉलला पुढच्या दिशेने फिरकी देत मारणं) हा मुख्य शॉट, बॅकहँडला ब्लॉक आणि जमलं तर टॉपस्पिन. क्लबच्या लीगमध्ये मधल्या गटात आहे.

सध्या कव्हरसकट मिळते तसली रेडिमेड बॅट आहे. रबर पार गुळगुळीत झालंय, सर्व्हिसला कट (फिरकी) बसत नाही. आता प्लाय (म्हणजे बॅटचं लाकूड) वेगळी आणि रबरं वेगळी घेऊन बॅट बनवायची आहे. बजेट दहा-बारा हजार, अगदी ताणलं तर पंधरा. डोक्यात बटरफ्लाय कंपनीची विस्कारिया प्लाय आणि दोन्ही बाजूंना त्यांचंच टेनर्जी ०५ रबर आहे, कारण वरच्या गटातली पोरं तेच वापरतात. बजेटात बसत नाही हे दिसतंय, पण एकदाच काय तो खर्च करून मोकळं व्हावं असं वाटतं. काय म्हणता?

सातारी_स्मॅश
घेऊन टाका. उद्या खेळ वाढला की तिकडेच जाणार आहात, मग आजच का नको? विस्कारिया वर्षानुवर्षं टिकते आणि विकायला काढली तर हातोहात जाते.

मल्टीबॉल
स्मॅशराव, प्लायचं ठीक आहे, पण रबराला "एकदाच खर्च" ही भानगड नसते. आठवड्यातून तीन-चार दिवस खेळणाऱ्याचं चांगलं रबर सहा-आठ महिन्यांत उतरतं. मधोमध फिकट डाग दिसायला लागतो, तिथे बॉल पकडत नाही. म्हणजे टेनर्जी घेतली की तो दर वर्षाचा हप्ता झाला.

लूपवेडा, एक सांगा. तुमचे पॉइंट जातात कुठे? जिंकता कसे ते नको, हरता कसे ते सांगा. त्याशिवाय बॅट सुचवणं म्हणजे पेशंट न बघता औषध देणं.

लूपवेडा
खरं सांगायचं तर रिसीव्हवर. आखूड, कट केलेली सर्व्हिस आली की माझा पुश (बॅट बॉलखालून सरकवून परतवणं) एक तर उंच उठतो नाहीतर लांब जातो, आणि समोरचा तो हाणतो. दुसरं म्हणजे कोणी जोरात टॉपस्पिन केला की माझा ब्लॉक टेबलाच्या बाहेर. रॅली सुरू झाली की मात्र मी बरा आहे, फोरहँड बसतो.

मल्टीबॉल
मग उत्तर तुम्हीच दिलंत. पॉइंट जातात पुशवर आणि ब्लॉकवर, आणि तुम्ही बॅट निवडताय फोरहँडच्या जोरासाठी, जो तुमच्याकडे आहेच.

जरा सविस्तर लिहितो. विस्कारियात पाच थर लाकडाचे आणि दोन थर अ‍ॅरिलेट-कार्बन या कृत्रिम धाग्यांचे असतात. हा कार्बन वरच्या लाकडाच्या लगेच खाली असतो. त्यामुळे हलका स्पर्श केला तरी प्लाय लगेच उत्तर देते, बॉल पटकन सुटतो. झांग जिकेसारख्या चिनी चॅम्पियनच्या हातात हे वरदान, कारण त्याचा हात शेवटच्या क्षणी सैल होतो. आपला हात रिसीव्हला घट्ट होतो, बॉल टपकन उडतो आणि समोरच्याला ताटात वाढल्यासारखा मिळतो. त्यावर टेनर्जी ०५ लावलीत तर आणखी एक गोष्ट होणार. ते रबर भयंकर ग्रिप देतं, पण समोरच्याचा स्पिनही तितकाच पकडतं. सर्व्हिस वाचण्यात जराशी गफलत झाली की बॉल तुमच्या इच्छेने नाही, त्याच्या इच्छेने जातो.

तुमच्यासाठी पाच थरांची, पूर्ण लाकडी प्लाय. यासाका स्वीडन एक्स्ट्रा, स्टिगा ऑफेन्सिव्ह क्लासिक किंवा बटरफ्लाय प्रिमोरॅक, तिन्हींपैकी जी हाताला बसेल ती. या प्लायवर बॉल किंचित जास्त वेळ थांबतो आणि पुश कुठे टेकवायचा ते हाताला कळतं. जोर कमी पडेल ही भीती काढून टाका. टॉपस्पिनचा जोर पायातून आणि कमरेतून येतो, प्लाय फक्त तो पुढे पोचवते.

रबरं: फोरहँडला यासाका रक्झा ७ किंवा झायॉम वेगा प्रो. बॅकहँडला वेगा युरोप, त्याचा स्पंज (वरच्या शीटखालचा थर) मऊ आहे, छोट्या हालचालीतही बॉल आत बुडतो आणि बॅकहँड टॉपस्पिन उचलायला मदत होते. स्पंजची जाडी दोन्हीकडे २.० मिमी. मॅक्स, म्हणजे सगळ्यात जाड, अजिबात नको. हे सगळं मिळून तुमच्या बजेटात बसायला हवं. पैसे उरले तर मल्टीबॉलच्या सेशनला घाला, म्हणजे कोच एकामागून एक बॉल टाकतो तो सराव.

सातारी_स्मॅश
मल्टीबॉल सरांचा आदर आहे, पण हे "आधी साध्या लाकडावर शीक" मला पटत नाही. आमच्याकडे पोरं बारा-तेराव्या वर्षी कार्बन घेऊन खेळतात आणि रिसीव्हही करतात. हाताला सवय होते.

मल्टीबॉल
होते ना, पण ती पोरं रोज चार तास टेबलावर असतात आणि समोर बॉल टाकायला कोच असतो. लूपवेडा ऑफिस संपवून लोकल पकडून येणार आणि तासभर खेळणार.

ऱ्हाईनकाठचा
इथे जर्मनीत गावोगावी क्लब आहेत आणि खालच्या लीगांमध्ये पन्नाशीचे, साठीचे लोक भरपूर. सगळ्यांच्या बॅटा विस्कारियाच्या असतील असं वाटत होतं, पण त्यातले निम्मे तरी साध्या लाकडी प्लायवर खेळतात आणि मधल्या दर्जाची रबरं लावतात. आणि त्यांचा ब्लॉक! भिंतीशी खेळल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. झायॉम, डॉनिक, टिबार, अँड्रो, यासाका रक्झा, यांची कितीतरी रबरं बवेरियातल्या हॉफहाइम गावच्या एकाच कारखान्यात बनतात, ईएसएन नावाच्या. पाकिटावर "मेड इन जर्मनी" असतं ते हेच. वरचा शीट वेगळा, स्पंजची कडकाई वेगळी, नाव वेगळं. त्यामुळे वेगा मिळाली नाही तर जीव टाकू नका. त्याच कडकाईचं दुसऱ्या कंपनीचं घ्या, फरक पडेल पण दुनिया बदलणार नाही. वेगा युरोपचा स्पंज ४२.५ अंशाचा, प्रोचा ४७.५ चा. ही जर्मन मोजपट्टी आहे, चिनी आणि जपानी कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, त्यांची एकमेकांशी तुलना करू नका. हरिकेन या चिनी रबरावर ३९ लिहिलेलं बघून "अरे मऊ आहे" म्हणणारे भेटलेत मला.

कार्बनचा मोह फारच असेल तर मधला रस्ता आहे: इनरफोर्स. त्यात तोच कार्बन, पण आतल्या गाभ्याला लागून. हळू खेळलं तर लाकडासारखी, जोरात मारलं तर मग कार्बन जागा होतो. पण ते पुढच्या प्लायसाठी ठेवा, आत्ता नको.

जुना_गडी
आमच्या वेळी दोनच नावं. बटरफ्लाय स्रायव्हर आणि यासाका मार्क फाइव्ह. पहिलं ६७ सालचं, दुसरं ६९ चं. अजूनही विकतात, यातच काय ते समजा. स्पीड ग्लूचे, म्हणजे रबराची उसळी वाढवणाऱ्या ग्लूचे, दिवसही पाहिलेत. मॅचच्या आधी जिन्यात बसून थरावर थर लावायचे, सगळा हॉल त्या वासाने भरायचा. २००८ मध्ये ते बंद झालं आणि टेनर्जीसारखी रबरं त्याच सुमारास आली, कारण ग्लूने मिळणारी ती उसळी कंपन्यांनी स्पंजमध्येच घातली. फुकटची उसळी हवीहवीशी वाटते, पण शॉर्ट पुशला तीच नडते. म्हणून सांगतो, मार्क फाइव्ह हा वेडा सल्ला नाही. स्वस्त, टिकाऊ, आणि चूक कुठे झाली ते स्पष्ट दाखवतं.

बॉल २००० मध्ये ३८ चा ४० मिमी झाला आणि २०१४ पासून प्लास्टिकचा. स्पिन कमी झाला. तेव्हा जुन्या रबरांनी आजच्या बॉलवर वरच्या पातळीला तितकी धार येत नाही, हे मान्य. मधल्या गटाला ते पुरतं.

अनामिका_टीटी
फोरहँडला चिनी रबराचा विचार कोणी केलाच नाही? डीएचएस हरिकेन ३ निओ टेनर्जीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. चिकट शीट, कडक स्पंज. सर्व्हिसला आणि शॉर्ट पुशला सोन्यासारखं, कारण फुकटची उसळी नाहीच. माझा सर्व्हिसचा कट त्याच्यावर जो बसतो तो कुठल्याच जर्मन रबरावर बसला नाही.

पण अटी दोन. एक, पूर्ण स्विंग लागतो. अर्ध्या हाताने मारलं तर बॉल नेटमध्ये. दोन, पाऊस. आपल्या कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हॉलमध्ये एसी नसेल तर चिकट रबरावर दमटपणाचा थर बसतो आणि धूळही बसते. सर्व्हिस सरकते, पुश घसरतो, दर दोन पॉइंटला बॅट शॉर्ट्सवर पुसायची. जर्मन रबरांनाही त्रास होतो, पण कमी. डोंबिवली म्हणजे तुम्ही पावसात बसणारच. त्यामुळे वर्षाचे आठ महिने हरिकेन आणि चार महिने शिव्या, अशी तयारी असेल तरच.

खेळून झालं की ओल्या स्पंजने पुसा, वाळू द्या, मग वर प्लास्टिकची फिल्म लावा. ओल्या रबरावर फिल्म लावून बॅट थेट किटमध्ये कोंबू नका.

आणि हो, नकली माल! आमच्या क्लबातल्या एकाने ऑनलाइन अर्ध्या किमतीत टेनर्जी मागवली. पाकीट अगदी खरं वाटत होतं, रबर मात्र महिन्याभरात टक्कल पडल्यासारखं. किंमत फारच गोड असेल तर समजून जा. रबराच्या खालच्या पट्टीवर आयटीटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचा) शिक्का, कंपनीचा आणि रबराचा नंबर असतो. तो नंबर आयटीटीएफच्या मान्य यादीशी ताडून बघा. नकली लोक शिक्काही छापतात, म्हणून शक्यतो ओळखीच्या डीलरकडूनच.

लूपवेडा
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! धन्यवाद. बहुधा स्वीडन एक्स्ट्रा घेईन. फोरहँडला रक्झा ७ आणि बॅकहँडला वेगा युरोप, दोन्ही २.०. सातारी_स्मॅश, विस्कारिया पुढच्या बढतीला.

तीन प्रश्न उरलेत. हँडल कोणतं? वजन किती असावं? आणि रबर घरी लावायचं की दुकानदाराकडून?

मल्टीबॉल
हँडल: फ्लेअर्ड म्हणजे खाली रुंद होणारं, बहुतेकांना तेच जमतं. फोरहँड-बॅकहँड करताना बोटं फार फिरवत असाल तर स्ट्रेट हातात धरून बघा.

वजन: प्लाय ८५ ग्रॅमच्या आसपासची मागा. एकाच मॉडेलमध्ये पाच-सात ग्रॅमचा फरक सर्रास असतो, म्हणून दुकानात छोटा वजनकाटा असेल तर सरळ काट्यावर ठेवायला सांगा, लाजू नका. सगळं लावून बॅट १८० ते १८५ ग्रॅमच्या आत राहिली तर बरं. त्यापुढे गेली की तिसऱ्या गेमला मनगट बोलायला लागतं, आणि बॅकहँड उशिरा येतो.

चिकटवणं: पहिल्यांदा दुकानदाराकडून लावून घ्या आणि समोर उभं राहून बघा. पुढच्या वेळी घरी. वॉटर बेस्ड ग्लूचा पातळ थर स्पंजला आणि तसाच प्लायला, दोन्ही पूर्ण पारदर्शक होईपर्यंत थांबायचं. पांढरं दिसतंय तोवर हात लावायचा नाही. मग हँडलच्या बाजूने सुरुवात करून वर नेत लावायचं आणि ग्लूच्या बाटलीनेच हलक्या हाताने लाटायचं. दाबून ताणलंत तर रबर नंतर आक्रसतं आणि टोकाला पट्टी उघडी पडते. कापायला नवं पातं घ्या, जुन्या पात्याने स्पंजचे तुकडे निघतात. शेवटी कडेला एज टेप लावायची, नाहीतर टेबलाच्या कडेला दोन-चार दणके बसले की लाकडाच्या कपच्या निघतात.

अनामिका_टीटी
त्यात एक भर. प्लाय नवी असतानाच रबर लावण्याआधी लाकडाला सीलरचा एक अगदी पातळ हात द्या. पुढच्या वेळी जुनं रबर ओढताना वरचं लाकूड सोलून निघत नाही. आणि रबर काढताना सरळ खस्सकन नाही, कोपऱ्यातून हळूहळू तिरकं.

सातारी_स्मॅश
बढतीची वाट बघतोय. स्वीडन एक्स्ट्राही वाईट नाही, हे लिहून ठेवतो, नाहीतर म्हणाल हा माणूस कार्बनशिवाय काही बोलत नाही.

लूपवेडा
अजून एक राहिलंच. काळं रबर फोरहँडला की लाल?

जुना_गडी
नियम एवढाच की एक बाजू काळी, दुसरी वेगळ्या रंगाची. २०२१ च्या ऑक्टोबरपासून गुलाबी, जांभळं, हिरवं, निळंही चालतं. चिनी रबरवाले काळं फोरहँडला लावतात, त्यांची तशी रीत आहे. तुम्ही दुकानात जे ताज्या स्टॉकचं मिळेल ते घ्या. फक्त दोन्ही काळी आणू नका, आमच्याकडे एकाने आणली होती, दुकानदार परत घेईना.