गाठ एवढीशी, मग दादाचा हिशोब का चुकतो?

विषय: दादाचं ऑपरेशन आणि एक प्रश्न

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या मीटिंगला मी नव्हते कारण दोन महिने झाले मी मुंबईत आहे, दादरला दादाकडे. काहींना माहितीये, बाकीच्यांसाठी सांगते. जूनमध्ये दादा सकाळी चहा घेत बसला होता आणि बशी धरलेला डावा अंगठा आपोआप उडायला लागला, मग मनगट, मग कोपर, मग तोंड डावीकडे ओढलं गेलं आणि तो खाली कोसळला. शेजारच्यांनी कांदा हुंगवला, कोणी मुठीत चावी दिली. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ निघाली, लो ग्रेड ग्लायोमा, म्हणजे मेंदूतलीच संथ वाढणारी गाठ. परळला ऑपरेशन झालं, बरीचशी गाठ निघाली, हात चालतोय, त्यानंतर एकही फिट नाही.

पण दादा पहिल्यासारखा नाहीये हो. बँकेत कॅशवर २० वर्षं काढलेला माणूस, काल भाजीवाल्याकडे साठची मेथी, पंचेचाळीसचे टोमॅटो आणि दोनशेची नोट, यात अडकला. नोट हातात धरून नुसता उभा. दोघं एकदम बोलले की त्याला काही कळत नाही, मग चिडतो, ताट ढकलतो. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो गाठ काढली ना, आता काय झालं, मनावर घेत नाही. ओपीडीत विचारलं तर गाठ मेंदूत हात हलवणाऱ्या जागी होती, हिशोबाशी संबंध नाही, एवढंच ऐकून बाहेर आलो. मला पटलेलं नाही. गाठ लिंबाएवढी, मग बिघाड एवढा लांब कसा जातो? ईईजीवाले काका, तुम्ही मेंदूच्या विजेच्या लाटांचा आलेख काढायचात ना, वाचत असाल तर प्लीज लिहा.

---

विषय: पुन: दादाचं ऑपरेशन आणि एक प्रश्न

अगं, वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. मी डॉक्टर नाही, मुंबईत २६ वर्षं ईईजी टेक्निशियन होतो, त्यामुळे गोळ्या कमीजास्त करायचं मी सांगणार नाही. पण तुला जे पटत नाहीये ते बरोबरच आहे, आणि दादा मनावर घेत नाही म्हणणाऱ्यांचं साफ चुकतंय.

आधी अंगठ्याचं. मेंदूच्या ज्या पट्टीतून हात हलतो तिथे अंगठ्याच्या एका अंगाला मनगट-कोपर आणि दुसऱ्या अंगाला तोंड असतं, फिट त्या वस्तीतून शेजाऱ्या-शेजाऱ्याने सरकत गेली. लंडनच्या डॉक्टर ह्यूलिंग्ज जॅक्सनने १९व्या शतकात ईईजी नसताना नुसतं पेशंटकडे बघून हे ओळखलं, अजूनही तिला जॅक्सोनियनच म्हणतात.

आता गंमत बघ, गाठ स्वतः तशी गप्प असते. डोक्याला गाठीच्या वर चिकटवलेल्या वायरींवर मशीनची पेनं संथ मोठ्या लाटा काढायची, त्यांना डेल्टा म्हणतात, ग्रे वॉल्टर नावाच्या संशोधकाने १९३६ साली ट्यूमरच्या पेशंटमध्ये हेच दाखवलं होतं. फिट सुरू होते ती गाठीच्या कडेच्या मेंदूत. ग्लायोमाच्या पेशी ग्लुटामेट बाहेर टाकतात, आणि ग्लुटामेट म्हणजे मेंदूतला "चल, पेट" असा निरोप. बऱ्याच लो ग्रेड गाठींत आयडीएच नावाचा बदल असतो, त्याने जे द्रव्य तयार होतं तेही ग्लुटामेटसारखंच दिसतं, म्हणून या संथ वाढणाऱ्या गाठींत फिटा जास्त. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये आयडीएच लिहिलेलं असेल, बघून ठेव.

शिवाजी मंदिरला नाटक संपल्यावर टाळ्या ऐकल्यायस ना, आधी जो तो आपापल्या तालात वाजवतो आणि मग कधीतरी सगळं थिएटर एका ठेक्यावर येतं. नाटकाला ते छान वाटतं, मेंदूला नाही. मेंदूचं काम चालतं तेच मुळी वेगवेगळे गट आपापला ताल धरून, जरुरीपुरतं एकमेकांशी बोलतात म्हणून. सगळे एका ठेक्यावर आले की ती फिट.

आणि तुझा खरा प्रश्न इथे आहे, की फिट नसतानाही तो ताल बिघडलेला राहतो, आणि फक्त गाठीपाशी नाही. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी मेंदूचे चुंबकीय सिग्नल मोजून ट्यूमरच्या पेशंटमध्ये हेच पाहिलं, गाठीपासून लांबचे भागही एकमेकांशी वेगळ्याच पद्धतीने जोडलेले, आणि थीटा म्हणजे सेकंदाला ४ ते ८ वेळा चालणाऱ्या लाटांमधल्या जोडणीचा फिटांशी संबंध. मी ते मशीन कधी बघितलं नाही पण कागदावर हे बघितलंय. एका बाईंची गाठ डावीकडे होती आणि उजवीकडचं पेनही मधूनमधून संथ जायचं, मला वाटलं वायर सैल आहे, पेस्ट पुसून परत चिकटवली, तरी तेच. तिसऱ्यांदा चिकटवायला गेलो तेव्हा सर म्हणाले राहू दे, वायर चांगली आहे. त्या बाई पण म्हणायच्या हो, स्वयंपाक करताना पुढचं सुचत नाही.

सुट्ट्या पैशांचा हिशोब एका जागी होत नाही गं. साठ लक्षात ठेवायचे, त्यात पंचेचाळीस मिळवायचे, बाजारचा गलका बाजूला सारायचा, यासाठी कपाळामागचा भाग आणि मागचा वरचा भाग सतत एकमेकांशी बोलत असावे लागतात, मधल्या दोऱ्यावर गाठ बसली की दोन्ही टोकं शाबूत असून काम अडतं. दोघं एकदम बोलले की न कळणं तेच.

अजून एक, २०१९ साली दोन वेगवेगळ्या टीमनी दाखवलं की मेंदूच्या पेशी ग्लायोमाच्या पेशींशी चक्क सिनॅप्स, म्हणजे निरोप देणारे सांधे, जोडतात आणि त्या सिग्नलवर गाठ वाढते. म्हणजे गाठ बाहेरून येऊन बसलेला दगड नाही, त्याच वायरिंगमध्ये घुसलेली आहे, सगळी काढली असं सहसा म्हणता येत नाही. म्हणून एमआरआय आणि गोळ्या वेळेवर.

फिटांवरची गोळी लेव्हेटिरासेटम आहे का? न्यूरोसायकॉलॉजिस्टची टेस्ट मात्र मागून घ्या, लक्ष किती टिकतं, किती आठवतं ते कागदावर येऊ दे, नातेवाइकांना तोच दाखवता येतो.

---

विषय: पुन: पुन: दादाचं ऑपरेशन आणि एक प्रश्न

काकांच्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहितेय. आमच्या ह्यांना लेव्हेटिरासेटम होती आणि भयंकर चिडचिड व्हायची, मला वाटायचं माझंच काही चुकतंय, तारीख-वेळ घालून वही केली आणि डॉक्टरांना दाखवली तेव्हा त्यांनी गोळी बदलली. आपल्या मनाने बंद करू नका मात्र, एकदम सोडली की फिट येऊ शकते. आणि शेजाऱ्यांना सांगून ठेव, कांदा, चप्पल, चावी काही नको, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, ५ मिनिटांवर गेली की १०८.

---

विषय: पुन: पुन: पुन: दादाचं ऑपरेशन आणि एक प्रश्न

काका, काकू, गोळी तीच आहे. वही आजपासून सुरू केली, पुढच्या मंगळवारी दाखवतो. रिपोर्ट काढून बघितला, आयडीएच म्युटंट लिहिलंय, म्हणजे काका म्हणाले तो बदल आहे.

तुमचं मेल दादाला वाचून दाखवलं, टीव्ही बंद करून, एकेक वाक्य थांबत. सैल वायरीच्या ठिकाणी त्याने हात वर करून थांबवलं, परत वाच म्हणाला. मग वहिनीला म्हणाला, ऐकलंस ना. वहिनी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. संध्याकाळी दोघं भाजीला गेले, दादाने भाजीवाल्याला सांगितलं, कागदावर लिहून दे बाबा, आणि कठड्यापाशी उभं राहून सावकाश बेरीज केली. बरोबर आली.